चुलीतलं मीठ, सूर्यातली रेघ

वाणसामान कागदाच्या पुड्यांतून घरी यायचं, त्या काळात ज्ञानही पुड्यांतूनच यायचं. वाणी रद्दीचा कागद हाताकडे न बघताच वळवायचा, तागडीतले धणे नाहीतर हरभऱ्याची डाळ त्यात ओतायचा, डोक्यावर टांगलेल्या रिळातून पांढरा दोरा ओढून चार वेढे घालायचा आणि मनगटाच्या एका झटक्यात तोडायचा. घरी आल्यावर आई तो दोरा सोडवून आधीच्या गुंडाळीला जोडून ठेवायची, डाळ डब्यात जायची आणि कागद माझ्याकडे यायचा. त्याला जिऱ्याचा, हिंगाचा, गुळाच्या ढेपेचा वास असे, घडीत डाळीची बारीक पिवळी भुकटी साचलेली असे, आणि ती फुंकरीने उडवून मी वाचायला बसलो की एखाद्या जुन्या मासिकाच्या कोपऱ्यातली चौकट हाती लागायची : मधमाश्या नाचून एकमेकींना फुलांची दिशा सांगतात, वटवाघूळ आवाजाच्या पडसादावर अंधारात वाट काढतं, हिरा आणि पेन्सिलीतलं शिसं ही दोन्ही कार्बनचीच रूपं आहेत. पुष्कळदा मजकूर अर्ध्यावर फाटलेला असे. ‘याचे कारण असे की’ इथे कागद संपायचा, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग गावातल्या कुठल्या तरी दुसऱ्या घरात शेंगदाण्यांभोवती गुंडाळलेला असणार, या विचाराने मी बेचैन होऊन जायचो.

त्या अर्धवट राहिलेल्या कारणांनीच मला वाचनालयाची वाट दाखवली. लाकडी जिन्याला तेलपाण्याचा आणि जुन्या कागदाचा संमिश्र वास, वर गेल्यावर कुरकुरणारा पंखा, आणि काचेच्या कपाटात ओळीने उभे असलेले केतकरांच्या ज्ञानकोशाचे आणि वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली निघणाऱ्या मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड. ते घरी न्यायला मिळत नसत, तिथेच बसून वाचायचे, म्हणून उतरवून घ्यायला मी एक दुरेघी वही केली होती. तिच्यात ‘किशोर’मधलं, ‘सृष्टिज्ञान’मधलं, रविवारच्या पुरवणीतलं, कालनिर्णयच्या पानामागचं असं जे जे चकित करून जाईल ते शाईच्या पेनाने लिहून ठेवलेलं असे. दिवाळीची सुट्टी लागली की फटाक्यांच्या आधी ती वही पिशवीत जायची आणि आम्ही एसटीने आजोळी निघायचो. आज मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, त्या वहीतली आश्चर्यं मी शहरात गोळा केली खरी, पण ती माझी झाली आजोळी, देवगड तालुक्यातल्या त्या घरात, कारण तिथे त्यांतली निम्मीशिम्मी रोजच्या वापरात होती.

घर जांभ्याचं. पडवीत बसलं की पाठीला त्या दगडाची खडबडीत, सच्छिद्र, दुपारी कोमट आणि पहाटे गार भिंत लागायची. खाणीतून काढताना जांभा इतका मऊ असतो की लोखंडी हत्याराने तासून त्याचे सरळ चिरे पाडता येतात, आणि उघड्या हवेत, उन्हात राहिला की हळूहळू टणक होत जातो. फ्रान्सिस ब्युकॅनन या साहेबाने केरळातल्या अंगाडिपुरमजवळ हे बघून १८०७ मध्ये ग्रंथात नोंदवलं आणि जगभरच्या भूशास्त्राला एक नवा खडक मिळाला, पण आमच्याकडचे पाथरवट ते कितीतरी पिढ्या आधीपासून हातांनी जाणत होते. घरामागच्या गोठ्याच्या भिंती मात्र कुडाच्या होत्या. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधून वर शेणमातीचं लिंपण. लिंपण कुठे निखळलं की आतल्या काठ्यांचे पेर दिसायचे, आणि त्यांना हात लावताना मला वहीतलं वाक्य आठवायचं की सह्याद्रीतली ही कारवी सात-आठ वर्षं नुसती पानांवर जगते, मग एका पावसाळ्याच्या अखेरीस डोंगरच्या डोंगर एकदम जांभळे करून टाकते, बी धरते आणि मरून जाते. गाय रोज ज्या भिंतीला पाठ घासते ती भिंत आयुष्यात एकदाच फुलणाऱ्या झाडाची आहे, हे कळल्यावर गोठ्यात जाण्यात निराळीच गोडी आली.

नरकचतुर्दशीच्या काळोख्या पहाटे न्हाणीघरात पाणचूल धडधडत असायची, तांब्याच्या हंड्यातलं पाणी सळसळायचं, ओल्या जळणाचा धूर डोळ्यांत जायचा, आणि अंगाला खोबरेल तेल, त्यावर उटणं, केसांना शिकेकाईचा तो डोळे झोंबवणारा तांबूस काला. न्हाऊन तुळशीपाशी यायचं, डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं आणि त्याची बी जिभेला लावायची. तो कडूपणा काकडीच्याच कुळातला. त्या कुळातल्या रानटी जाती क्युकरबिटासिन नावाच्या द्रव्यांनी स्वतःचं रक्षण करतात आणि माणसाने शतकानुशतकं निवड करत करत गोड काकडी मिळवली. मग पोह्यांचे प्रकार, दह्याचे, गुळाचे, नारळाच्या रसातले, आणि संध्याकाळी, दिवसभर हुंदडून आलेल्या नातवंडांना ओळीने उंबऱ्यात बसवून आजीचं दृष्ट काढणं.

खडेमीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन ती आमच्यावरून ओवाळायची, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायची आणि माजघर ओलांडून मूठ चुलीत रिकामी करायची. आम्ही मागोमाग धावायचो. आधी मिठाचे खडे तडतडायचे, त्याचं कारण वहीत होतं : मिठाचा स्फटिक तयार होताना त्याच्या पोटात खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब कोंडले जातात आणि विस्तवावर त्यांची वाफ होऊन खडा आतून फुटतो. मग मिरचीचा ठसका. आणि मग, निखाऱ्यांवर निळसर ज्वाळ नाचत असेल तर, ती एकदम पिवळीधमक व्हायची. आजी म्हणायची, बघ, केवढी नजर लागली होती. मी तिच्या पदराला धरून त्या पिवळ्या रंगाकडे बघत राहायचो. तिचंही म्हणणं मनात असायचं आणि वहीतलंही, आणि त्या वयात दोन्हींना एकाच मनात सुखाने जागा होती.

तो पिवळा रंग सोडियमचा. मीठ तापलं की त्यातला सोडियम ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देतो, आणि इतका थोडा सोडियम पुरतो की आजही गॅसवर भाताची पेज उतू गेली तर शेगडीची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. प्रत्येक मूलद्रव्य तापल्यावर आपल्या ठरलेल्या रंगाच्या रेघा दाखवतं, हे जर्मनीत हायडलबर्गला बुन्सेन आणि किर्खोफ यांनी १८६० च्या सुमारास पद्धतशीर मांडलं आणि त्याच वाटेने सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यं शोधली. दिवाळीच्या भुईनळ्यातला लाल रंग स्ट्राँशियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा, आणि फुलबाजीतून उडणाऱ्या सोनेरी चांदण्या म्हणजे हवेत जळणारा लोखंडाचा कीस. अंगणात फुलबाजी हातात धरून मी भावंडांना हे सगळं सांगत असे आणि ती बिचारी ऐकूनही घेत. पुढे शहरांतल्या रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे आले. त्यांच्या उजेडात पावसाच्या सरी मधाच्या रंगाच्या दिसायच्या आणि लाल रंग मातकट व्हायचा. गेल्या काही वर्षांत ते जाऊन पांढरे एलईडी आले. विजेची बचत झाली, रस्त्यावरचा चेहरा ओळखू येऊ लागला, ते बरंच झालं; पण रात्रीच्या शेवटच्या एसटीतून उतरून त्या पिवळ्या प्रकाशात घरापर्यंत चालत जाण्याला आजीच्या चुलीशी जो धागा होता तो तुटला.

आजोळाहून विजयदुर्ग फार लांब नव्हता. समुद्रात घुसलेला तो बलदंड किल्ला, जांभ्याच्या तटांना चिकटलेलं शेवाळ, बुरुजावरून येणारा खारट, मासळीच्या वासाचा वारा. किल्ल्यात काही चौथरे आहेत, गावात त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात, आणि आजोबा तिथे नेऊन सांगत की या ओट्यांवर दुर्बीण लावून एका साहेबाने सूर्यात हीलियम शोधला. गावोगावच्या आजोबांनी सांगितलेली ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल. मोठेपणी तारखा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या तेव्हा हाती आलं ते मूळ गोष्टीहून अधिक ऐसपैस निघालं.

१८ ऑगस्ट १८६८ ला दख्खनवरून पूर्व किनाऱ्याकडे गेलेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या सावलीत फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला उभा होता. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांच्या रेघा त्याला इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्याने त्या पाहिल्याही. आजोबांच्या गोष्टीतला साहेब, नॉर्मन लॉकियर, त्या वेळी भारतात नव्हता, इंग्लंडमध्ये होता. त्याने ऑक्टोबरमध्ये स्वतंत्रपणे तीच युक्ती साधली. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली आणि फ्रान्सने पुढे दोघांचे चेहरे शेजारी शेजारी कोरलेलं पदक काढलं. त्या रेघांत एक पिवळी होती, सोडियमच्या अगदी शेजारची, ५८७.६ नॅनोमीटरची, पण सोडियमची नव्हे. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना. लॉकियरने ती सूर्यातल्या एका नव्या मूलद्रव्याची मानली, त्याचं नाव हीलियम, आणि पुढची पंचवीसहून अधिक वर्षं हे मूलद्रव्य फक्त सूर्यात आणि त्याच्या विश्वासात होतं. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झीला ते क्लेव्हाइट नावाच्या खनिजातून निघालेल्या वायूत सापडलं. आणि त्यानंतर तीन वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, लॉकियर खरोखरच विजयदुर्गला आला, ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना दुर्बिणी आणि कॅमेरे हाताळायची तालीम देऊन त्या दोनेक मिनिटांच्या काळोखासाठी सज्ज झाला.

म्हणजे आजोबांच्या गोष्टीतला साहेब खरा आहे, ग्रहण खरं आहे, हीलियमही खरा आहे; फक्त तो साहेब शोध लावायला आलेला तरुण नव्हता, आपला विश्वास खरा ठरल्यावर पुन्हा एकदा त्याच सूर्याकडे डोळे भरून बघायला आलेला साठीतला माणूस होता. मला हे चित्र जास्त आवडतं. आणि आजीच्या चुलीतली पिवळी ज्वाळ आणि विजयदुर्गच्या साहेबाची पिवळी रेघ यांच्यात जेमतेम दीड नॅनोमीटरचं अंतर आहे हे जेव्हा जेव्हा आठवतं, तेव्हा माझं आजोळ सूर्याच्या फार जवळ होतं असं वाटल्याशिवाय राहत नाही.

याच लॉकियरने १८६९ मध्ये ‘नेचर’ हे साप्ताहिक सुरू केलं, आणि त्याच ‘नेचर’मध्ये १९६४ साली इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी पहिल्या पावसाच्या वासावर लेख लिहिला. मृगाची पहिली सर अंगणातल्या तापलेल्या तांबड्या मातीवर पडली की जो वास छातीत भरून घ्यायला घरातली म्हातारी माणसंही पडवीत येऊन उभी राहायची, तो वास कोरड्या काळात दगडमातीत मुरलेल्या वनस्पतींच्या तेलांचा असतो, असं त्यांनी दाखवलं. आणि उत्तर प्रदेशातले अत्तरवाले हा वास आधीपासून काढून विकतात याची नोंदही त्यांनी घेतली. कनौजला आजही भाजलेल्या मातीचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवून मातीचं अत्तर करतात. त्या वासातला ओला, गडद भाग जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि ते करतात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू; याच जातकुळीतल्या एकाने क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन दिलं. माणसाचं नाक एरवी बऱ्याच प्राण्यांपुढे अधू, पण जिओस्मिन त्याला हवेच्या एक लाख कोटी भागांत अवघे काही भाग असला तरी कळतो. बिटाला मातीची चव येते तीही त्याचीच. आणि हा वास काही आपल्यासाठी नसतो : २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की स्प्रिंगटेल नावाचे मातीतले इवलेसे किडे या वासाने ओढले जातात, जीवाणू खातात आणि त्यांची बीजं अंगावरून दूरवर नेऊन पोचवतात. लहानपणी त्या वासाने आम्ही अंगणात धावत सुटायचो. तसाच हा इवलासा जीवही त्याच हाकेला ओ देत आमच्या पायांखाली धावत होता.

१८९८ च्या ग्रहणाची ती सावली विजयदुर्गहून निघाली ती घाट चढून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून गेली, आणि तिथे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यंत्रं मांडून बसले होते, शेजारी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. जेऊरच्याच करमाळा तालुक्यात, त्याच रेल्वेमार्गावर केम आहे, कुंकवासाठी नावाजलेलं. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीचंच असतं. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं आणि चुन्यासारख्या अल्कलीशी गाठ पडली की लाल होतं, म्हणून बाळंतविड्याच्या कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की रक्तासारखा होऊन नव्या सुनेला घाबरवायचा, आणि तेच कापड दगडावर वाळत टाकलं की उन्हाने डाग नाहीसा व्हायचा, कारण प्रकाशात कर्क्युमिन विरतं. आजोबांच्या पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन तळहातावरच्या हळदीत मिसळणं हा माझा आवडता खेळ होता. चुन्याचा तो गार, किंचित चावरा स्पर्श, हळदीचा कडसर वास, आणि बोट फिरताच पिवळ्यातून उगवणारा लाल. देवघरातल्या दोन कोयऱ्यांमध्ये जी हळद आणि जे कुंकू वेगवेगळं ठेवलेलं असे ते मुळात एकाच कंदाचं, हे आईला दाखवलं तेव्हा ती हसून म्हणाली, ‘अरे, माहेर आणि सासर असतंच एका बाईचं.’ पुढे १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं आणि रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने जुने ग्रंथ पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करवलं, तेव्हा प्रत्येक आजीला आपलाच खटला जिंकल्याचा आनंद झाला असेल.

आणि मग कापूर. आजी कापराच्या डबीत मिरे टाकून ठेवायची, तरी महिन्याभराने वड्या झिजलेल्या असत. त्या वितळत नसत, घनातून थेट हवेत निघून जात. डबी उघडली की ती हवा झालेली वडीच नाकात शिरायची, गार, औषधी, देवळाची आठवण करून देणारी. आरतीच्या शेवटी तबकात तो भुरभुर जळायचा आणि तळहात ज्योतीवरून फिरवून डोळ्यांना लावताना बोटांना काजळीचा वास राहायचा. याच कापराने सिनेमा जन्माला घातला हे मला फार उशिरा कळलं आणि त्या दिवशी मी कितीतरी वेळ एकटाच हसत होतो. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधताना जॉन वेस्ली हयातने नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळला. १८७० च्या पेटंटातून सेल्युलॉइड आलं, आणि त्याच मिश्रणाच्या लवचीक पट्ट्यांवर चलच्चित्रं धावू लागली. जपानने ताब्यातल्या तैवानमधल्या कापराच्या व्यापाराचा सरकारी मक्ता केला होता, इतकी त्याला जगात मागणी. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा पडद्यावर जे देवाधर्माचं चित्र उमटलं ते कापूर घातलेल्या फितीतून आलेल्या प्रकाशाचं होतं. अशी फीत कापरासारखीच भडकून पेटते, आणि २००३ मध्ये पुण्यात साठवलेल्या जुन्या नायट्रेट फितींना आग लागून त्यांतलं पुष्कळ काही कायमचं गेलं. टेबल टेनिसचे चेंडूही सेल्युलॉइडचे होते. शाळेत चेंडू चिरफळला की आम्ही तो हुंगायचो आणि देवघराचा वास यायचा. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत दुसऱ्या प्लास्टिकचे चेंडू आले, त्यांना वास नाही. आरतीचा कापूरही आता बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात होतो. त्यासाठी कापराची जुनी झाडं तोडावी लागत नाहीत, हे मला मनापासून बरं वाटतं.

आजोळच्या ओटीवर चावीचा फोनो होता. दिवाळीच्या दुपारी जेवणं झाली, पानसुपारी झाली की आजोबा धोतराच्या सोग्याने तबकडी पुसायचे, पत्र्याच्या चिमुकल्या डबीतली नवी सुई बसवायचे, चावी द्यायचे, आणि आधी तेल कढल्यासारखी खरखर आणि मग तिच्यातून वर येणारा बालगंधर्वांचा आवाज. जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, की संपली बाजू. ती काळी, जड, पडली तर काचेगत फुटणारी तबकडी लाखेची होती. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे स्वतःभोवती जे राळेचं कवच करतात ते खरवडून, शुद्ध करून, त्यात दगडाची पूड मिसळून ७८ वेगाच्या तबकड्या दाबल्या जात, आणि जगातली पुष्कळशी लाख भारतातूनच जाई. त्या दगडी पुडीनेच सुई झिजून खाचेत बसायची, म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई. पोस्टात पार्सलावर ठोकलेली लाल मोहर, कासाराकडची लाखेची बांगडी आणि एका गंधर्वाचा आवाज हे तिन्ही पळसाच्या फांदीवरच्या एका किड्याचं देणं. आता तो आवाज खरखरीविना, तबकडी न पालटता, हव्या त्या क्षणी खिशातल्या फोनवर ऐकू येतो, आणि मी रोज ऐकतोही. त्या खरखरीत आजोबांच्या मांडीशी बसण्याची जी ऊब होती ती मात्र या स्वच्छ आवाजाने मला परत दिलेली नाही, आणि तशी अपेक्षा करणंही योग्य नाही.

आश्चर्यं आता पुडीतून येत नाहीत. सकाळी डोळे उघडायच्या आत फोनवर पन्नास येऊन पडलेली असतात, त्यांतली निम्मी खोटी, आणि खोटी आहेत हे त्याच फोनवर दोन मिनिटांत कळतं. माझ्या नातीला कुठलंही ‘याचे कारण असे की’ अर्ध्यावर सोडावं लागत नाही. मला त्याचा आनंद आहे. साहेबाच्या ओट्यांची गोष्ट तपासायला मला अर्धं आयुष्य लागलं, तिला एक दुपार पुरेल, आणि गावात राहणाऱ्या, वाचनालय नसलेल्या कितीतरी मुलांना आज जे मोकळं झालं आहे ते माझ्या वहीपेक्षा फार मोठं आहे. तरीही मी तिला उत्तर देण्याआधी कापराची वडी उघड्यावर ठेवायला लावतो, बोटाला चुना लावतो, गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ भुरभुरतो. कळलेली गोष्ट हाताला लागली, नाकात गेली, जिभेला कडू लागली, की मग ती आपली होते, एवढंच मला त्या घराने शिकवलं. आजीच्या दृष्टीच्या मिठातला सोडियम कळला म्हणून तिची माया कमी झाली नाही. उलट तिने ओवाळलेल्या मुठीत किती काय काय होतं ते कळत गेलं आणि ती मूठ मोठी होत गेली.

गोठ्याची ती कुडाची भिंत केव्हाच गेली, तिथे आता विटांची पक्की भिंत आहे आणि गाई नाहीत. पण डोंगरातली कारवी आपल्या गतीने जगते आहे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८ मध्ये फुलली, २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्ये फुलली. नातीने फोनवर तिची छायाचित्रं बघितली आहेत, मधमाश्यांचा आवाजही ऐकला आहे, आणि आम्ही दोघांनी वहीच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलं आहे की २०३२ च्या पावसाळ्याच्या शेवटी, गुडघे साथ देतील तेवढं चढून, तो जांभळा डोंगर आपण प्रत्यक्ष बघायचा. तोवर ती कॉलेजात गेलेली असेल आणि तिला वेळ असेल की नाही कोण जाणे, पण तारीख तिने स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे आणि आठ वर्षं थांबायला तयार असलेलं पोर मला याहून मोठं आश्चर्य वाटतं.